खाण तशी माती?
मुलांच्या उंचीची पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट

बापाची चप्पल मुलाच्या पायाला येऊ लागली की त्याला मित्रासारखे वागवावे, असे आपल्याकडे म्हणतात. आज अनेक घरांत मुलगा दहावीला जाण्याआधीच बापाची चप्पल त्याला अपुरी पडते. लग्नाच्या फोटोत नातू आजोबांच्या शेजारी उभा राहिला तर वीतभर उंच दिसतो. आजी कौतुकाने म्हणते, "आमच्या घराण्यात एवढं उंच कोणी नव्हतं गं!"

पण त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, सात वर्षांचा मुलगा पाच वर्षांच्या मुलाएवढा दिसतो. त्याच्याबद्दल विचारले तर उत्तर ठरलेले असते : "आम्ही दोघंही ठेंगणेच. खाण तशी माती!"

या दोन घरांत फरक कशाचा? रक्ताचा, नशिबाचा, की आणखी कशाचा? उंची हा दिसण्याचा प्रश्न आहे, असे आपण समजतो. लग्नाच्या जाहिरातीत किंवा पोलीस भरतीत तिची आठवण होते. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने मात्र उंचीचा अर्थ फार मोठा आहे. एखाद्या समाजातील मुलांची सरासरी उंची म्हणजे त्या समाजाने आपल्या आयांना आणि बाळांना कसे सांभाळले याचा लेखाजोखाच असतो. ब्रिटिश बालवाढतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी आयुष्यभर मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. मुलांची वाढ हा समाजाच्या स्थितीचा आरसा आहे, असे ते मानत. त्या आरशात आपण आज डोकावणार आहोत.

शंभर वर्षांत जग किती वाढले?

जगातील २०० देशांतील स्त्रीपुरुषांच्या उंचीची माहिती एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९६ ते १९९६ या शंभर वर्षांत जन्मलेल्यांची प्रौढपणीची उंची त्यात तपासली होती. सर्वांत जास्त वाढ दिसली ती दक्षिण कोरियातील स्त्रियांमध्ये. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेली तेथील स्त्री सरासरी १४२ सें.मी. होती, म्हणजे चार फूट आठ इंच. शतकाच्या शेवटी जन्मलेली स्त्री १६२ सें.मी., म्हणजे पाच फूट चार इंच झाली. पणजीपेक्षा पणती आठ इंचांनी उंच! पुरुषांत इराण पुढे राहिला. तेथे वाढ झाली सुमारे साडेसोळा सें.मी.

आज जगात सर्वांत उंच पुरुष नेदरलँड्‌स देशातील, सरासरी सुमारे सहा फूट. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लष्करात भरती होणारे तेथील तरुण सरासरी साडेपाच फुटांच्या आतच होते. ते युरोपातील बुटक्या लोकांत गणले जात. दीडशे वर्षांत तेथील लोकांचे रक्त बदलले नाही. पाणी, अन्न, घरे, लसी आणि बाळंतपणाची सोय बदलली.

जपानमध्ये शाळांतील मुलांची उंची १९०० सालापासून मोजली जाते. १९०० मध्ये सतरा वर्षांचा जपानी मुलगा सरासरी १५८ सें.मी. होता. १९९० च्या दशकात तो जवळजवळ १७१ सें.मी. झाला. या नोंदींत आणखी एक शहाणपणाचा धडा आहे. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा चढती रेघ खाली वळली. १९४८ मधील सतरा वर्षांची मुले १९३९ मधील त्याच वयाच्या मुलांपेक्षा सुमारे दोन सें.मी. नी बुटकी भरली. युद्ध संपले, शाळेत दूध व जेवण मिळू लागले, घरची स्थिती सुधारली, आणि रेघ पुन्हा वर गेली. उंची वाढते तशी ती घटूही शकते, हे लक्षात ठेवावे.

आणि आपण? त्याच जागतिक अभ्यासानुसार भारतीय पुरुष शंभर वर्षांत सुमारे १६२ वरून १६५ सें.मी. वर आला, तर भारतीय स्त्री सुमारे १४८ वरून १५३ सें.मी. वर. म्हणजे पुरुषांत इंचभर, स्त्रियांत दोन इंच. कोरियातील बाई आठ इंच वाढली त्या काळात आपली बाई दोन इंच वाढली.

बियाणे आणि जमीन

यावर कोणी म्हणेल, "आपल्या लोकांची चणच लहान." या म्हणण्यात काही तथ्य आहे का, ते पाहू.

एका घरातील दोन भावांत कोण उंच होणार, हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेने ठरते. उंच आईबापांची मुले साधारणपणे उंच असतात, हेही खरे. पण आनुवंशिकता म्हणजे बियाणे. एकाच पोत्यातील बियाणे एका शेतकऱ्याने बागायतीत पेरले आणि दुसऱ्याने माळावर, तर दोन्हीकडचे कणीस सारखे भरत नाही. माळावरचे कणीस बारीक आले म्हणून बियाण्याला दोष देणे चूक ठरेल.

माणसांच्या बाबतीतही हे पाहता आले आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात माया वंशाचे लोक राहतात. तेथील स्त्रिया जगातील सर्वांत कमी उंचीच्या स्त्रियांत मोडतात. त्यांची सरासरी उंची पाच फुटांच्या आत आहे. १९८० च्या सुमारास यादवी युद्धामुळे अनेक माया कुटुंबे अमेरिकेत गेली. तेथे वाढलेल्या त्यांच्या मुलांची उंची २००० साली मोजली, तेव्हा ती ग्वाटेमालातील त्याच वयाच्या माया मुलांपेक्षा साडेअकरा सें.मी. नी जास्त भरली. एका पिढीत साडेचार इंच! ही कुटुंबे तेथे काही श्रीमंत झाली नव्हती. पण नळाला स्वच्छ पाणी होते, शाळेत जेवण मिळत होते आणि दवाखाना हाताशी होता.

दुसरा पुरावा आपल्या घरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत हे ते सहा देश. भारतातील मुले दिल्लीची होती. निवडताना एकच दंडक ठेवला होता : आई तंबाखू-सिगारेट ओढत नसावी, बाळाला आईचे दूध मिळावे, आणि खाणेपिणे, स्वच्छता व औषधोपचार यांत अडचण नसावी. निष्कर्ष असा निघाला की पाच वर्षांपर्यंत सहाही ठिकाणची मुले जवळजवळ सारखीच वाढली. दिल्लीचे बाळ नॉर्वेच्या बाळाच्या बरोबरीने वाढू शकते. या मोजमापांवरून २००६ मध्ये जे वाढीचे तक्ते तयार झाले, तेच आज आपल्या अंगणवाडीत वापरले जातात.

म्हणजे पाच वर्षांच्या आतील मूल फार मागे पडले असेल, तर "आमची चणच लहान" हे उत्तर पुरे नाही. बियाणे चांगले आहे. जमिनीकडे पाहायला हवे.

उंची केव्हा ठरते?

बहुतेक पालक मुलाच्या उंचीचा विचार करू लागतात तो बारा-चौदा वर्षांच्या वयात. तोपर्यंत मुख्य संधी बऱ्याच अंशी निघून गेलेली असते.

जन्मतः बाळ साधारण ५० सें.मी. लांब असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सें.मी. वाढते. दुसऱ्या वर्षात १० ते १२ सें.मी. त्यानंतर वेग उतरत जातो, आणि चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सें.मी. एवढेच वाढते. वयात येताना वेग पुन्हा वाढतो. त्या ऐन भरात मुली वर्षाला साधारण आठ आणि मुलगे नऊ सें.मी. पर्यंत वाढतात. पुढे हाडांची टोके जुळली की वाढ संपली.

आईच्या पोटातील नऊ महिने आणि नंतरची दोन वर्षे मिळून सुमारे एक हजार दिवस होतात. इमारतीचा पाया भरण्याचे हेच दिवस. या काळात उपासमार झाली, वारंवार जुलाब झाले, ताप-खोकला पाठ सोडेना, की शरीर आधी जीव वाचवते आणि वाढ मागे ठेवते. आजारपण थोडे असेल तर मूल नंतर भरपाई करते. पण हे चक्र महिनोन्‌महिने चालले तर भरपाई होत नाही. लहान वयात सर्वांत जोमाने वाढणारा भाग म्हणजे पाय, त्यामुळे पहिला फटका बसतो तो पायांच्या लांबीला. युद्धानंतर जपानी मुलांची जी उंची वाढली, तीही मुख्यतः पायांचीच वाढली होती.

या हजार दिवसांचे मोल दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग ग्वाटेमालातच १९६९ ते १९७७ या काळात झाला. चार खेड्यांपैकी दोन खेड्यांत माता व बालकांना प्रथिनयुक्त पेज रोज दिली गेली. उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड सरबत दिले. औषधोपचाराची सोय चारही गावांत सारखी होती. पेज पिणारी मुले तीन वर्षांच्या वयात सुमारे अडीच सें.मी. नी उंच भरली. तीन वर्षांनंतर दिलेल्या पेजेचा उंचीवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही.

खरी गंमत पुढे आहे. संशोधकांनी तीस-पस्तीस वर्षांनी तीच माणसे शोधून काढली. जन्मापासून दोन वर्षे ज्यांच्या वाट्याला पेज आली होती, ते पुरुष इतरांपेक्षा तासाला सरासरी ४६ टक्के जास्त मजुरी मिळवत होते. आणि लहानपणी पेज प्यालेल्या मुली आई झाल्या, तेव्हा त्यांची बाळे जन्मतः सरासरी ११६ ग्रॅमने वजनदार होती. आजीच्या हातच्या पेजेचे फळ नातवाला मिळाले!

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

आपल्या प्रश्नाचे मूळ येथे सापडते. मुलांची उंची पिढ्यान्‌पिढ्या वाढायची असेल तर सुरुवात मुलापासून होत नाही, आईपासून होते.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा व त्यांच्या बाळांचा एक अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांचे हे काम जगभर नावाजले गेले. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला हडकुळे, पण आत चरबी राखून असलेले असे हे बाळ मोठेपणी खाऊनपिऊन लठ्ठ झाले की त्याला मधुमेहाचा धोका अधिक. या अभ्यासातून आणखी एक उपयोगाची गोष्ट दिसली. ज्या गर्भवती पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. मेथी, चवळी, राजगिरा, शेवग्याचा पाला, पेरू, बोरे ही काही सोन्याच्या भावाने मिळत नाहीत.

पण आपल्या घराघरांत काय घडते? सुनेने सर्वांत शेवटी जेवायचे, भाजी उरली तर खायची, नाहीतर चटणी-भाकरीवर भागवायचे. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल," असा सल्ला अजूनही कानावर येतो. हा सल्ला घातक आहे. पोटभर खाल्ल्याने बाळंतपण अडत नाही. उलट जिची स्वतःची वाढ लहानपणी खुरटलेली असते, तिचे बाळंतपण अडण्याचा धोका जास्त असतो. म्हणूनच गर्भवतीची उंची १४५ सें.मी. हून कमी असेल तर डॉक्टर तिच्याकडे जास्त लक्ष देतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. जिची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही, तिच्या पोटातील बाळाच्या वाट्याला काय येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मुलगा-मुलगी हा भेदही उंचीत उतरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील मुलांची तुलना आफ्रिकेतील मुलांशी केली होती. आपले पहिले अपत्य तेथील पहिल्या अपत्याच्या मागे नव्हते. मागे पडण्यास सुरुवात झाली दुसऱ्यापासून, आणि तिसऱ्या-चौथ्यात अंतर वाढत गेले. थोरल्या मुलाला झुकते माप आणि बाकीच्यांना उरलेसुरले, ही आपली रीत हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे संशोधकांनी दाखवले. वंशाचा दिवा उजळताना पणत्यांचे तेल काढून घेतले जाते, ते असे.

"मूर्ती लहान, पण..."

उंची कमी असली म्हणून बिघडले कुठे, असे कोणाला वाटेल. हा वाद आपल्या देशात विद्वानांतही झाला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी "लहान पण निरोगी" अशी कल्पना मांडली. आपले ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हेही शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, असे सांगत होते. याला आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी कडाडून विरोध केला. लहान चण हे निरोगीपणाचे लक्षण म्हणायचे, तर ते फक्त गरिबांपुरतेच कसे, असा त्यांचा सवाल होता.

पुढच्या संशोधनाने गोपालन यांची बाजू बळकट केली. येथे एक भेद मात्र नीट समजून घ्यावा. एखादी व्यक्ती उंचीने कमी असणे हा आजार नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान अशी माणसे आपण पाहतोच. प्रश्न आहे तो लहानपणी खुरटलेल्या वाढीचा. ज्या उपासमारीने आणि आजारपणाने हाडांची वाढ रोखली, तिने त्याच दिवसांत वाढणाऱ्या मेंदूलाही सोडलेले नसते. अशी मुले सरासरीने अभ्यासात मागे पडतात, शाळा लवकर सोडतात आणि मोठेपणी कमी कमावतात. कमी उंची ही वरून दिसणारी खूण आहे. नुकसान आत झालेले असते.

महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांत वाढ खुरटलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४ टक्क्यांवर आले, ही मोठीच मजल होती. पण २०१९-२१ मध्ये ते ३५ टक्के भरले. म्हणजे गाडी जागच्या जागी थांबली. अजूनही दर तीन मुलांत एकाहून जास्त मूल खुरटलेले आहे. देशाचा आकडाही असाच, साडेपस्तीस टक्के.

मोठ्यांच्या बाबतीतही एक इशारा मिळाला आहे. २००५-०६ आणि २०१५-१६ या दोन पाहण्यांतील उंचीची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १५ ते २५ वयाच्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची या दहा वर्षांत सुमारे एक सें.मी. ने घटलेली दिसली. स्त्रियांत सर्वांत मोठी घट होती ती सर्वांत गरीब थरात. उंची वाढतच जाणार, असे गृहीत धरता येत नाही.

वाढ आडवी होऊ लागली की

सुखवस्तू घरांत प्रश्न वेगळा आहे. नेदरलँड्‌समध्ये २००१ मध्ये जन्मलेले तरुण १९८० मध्ये जन्मलेल्यांपेक्षा एक सें.मी. ने, तर तरुणी १.४ सें.मी. नी बुटक्या भरल्या. जपानमध्येही उंचीची वाढ १९९० च्या दशकानंतर थांबली. उंचीला कुठेतरी मर्यादा आहे, वजनाला मात्र ती दिसत नाही. बिस्किटे, वेफर्स, गोड पेये आणि मोबाइल यांच्या संगतीत मूल उभे वाढण्याऐवजी आडवे वाढू लागते.

याचा उंचीशीही संबंध आहे. युरोपात दीडशे वर्षांपूर्वी मुलींना पाळी सोळाव्या वर्षाच्या आसपास येत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वय तेरापर्यंत खाली आले. पोषण सुधारल्याचे ते लक्षण होते. पण लठ्ठपणामुळे मुली आणखी लवकर वयात येऊ शकतात. अशी मुलगी चौथी-पाचवीत वर्गात सर्वांत उंच दिसते, आणि हाडांची टोके लवकर जुळल्याने दहावीत तिच्याच मैत्रिणी तिच्या पुढे गेलेल्या असतात. पाळी आल्यानंतर मुलीची उंची साधारण पाच ते सात सें.मी. एवढीच वाढते. म्हणून आठ वर्षांच्या आत मुलीत आणि नऊ वर्षांच्या आत मुलात वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

डबे, पावडरी आणि लोंबकळणे

"उंची वाढवा" अशा जाहिरातींना भुलू नये. औषधांच्या फसव्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत माणसाच्या उंचीचाही समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हाडांची टोके जुळल्यावर कोणतीही पावडर, गोळी किंवा पट्टा उंची वाढवू शकत नाही. दांडीला लोंबकळल्यानेही उंची वाढत नाही. व्यायाम म्हणून ते चांगले आहे, इतकेच. महागड्या डब्यातील पावडरीत साखर किती आहे ते डब्यावर वाचावे. तेवढ्याच पैशांत अंडी, शेंगदाणे, फुटाणे, डाळी आणि दूध यांची महिनाभराची सोय होऊ शकते.

मग करावे काय?

१. गर्भवतीने घरात सर्वांबरोबर जेवावे, शेवटी नव्हे. डाळ, उसळ, पालेभाजी, एखादे फळ, जमल्यास दूध किंवा अंडे रोज असावे. लोहाच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत.

२. जन्मल्याबरोबर चिकाचे दूध पाजावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नको.

३. सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करावे आणि लगेच वरचा आहार खरोखर सुरू करावा. वरणाच्या पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. घट्ट वरण-भात तूप घालून, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीचे सत्त्व, शिजवून कुस्करलेले अंडे, दाण्याचे बारीक कूट घातलेली भाजी द्यावी. चहा-बिस्कीट हे बाळाचे खाणे नव्हे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

४. बाळाला भरवण्यापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी, खाणे बंद करू नये. आजार उतरल्यावर काही दिवस एक वेळचे खाणे जास्त द्यावे. सर्व लसी वेळेवर टोचून घ्याव्यात.

५. मुलीचे ताट मुलाच्या ताटाएवढेच भरावे. अठरा वर्षांच्या आत लग्न करू नये, पहिले बाळंतपण विसाच्या आत येऊ देऊ नये.

६. मुलाची उंची मोजावी. आपण वजन करतो, उंची विसरतो. फ्रान्समधील माँबेयार नावाच्या उमरावाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची सहा-सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. वाढीच्या शास्त्रातील ती सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. आपल्याला तर नुसती भिंत आणि टेप पुरे. दोन वर्षांच्या आतील बाळाची लांबी अंगणवाडीत झोपवून मोजून घ्यावी. मोठ्या मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, नजर सरळ समोर ठेवून उभे करावे. डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करावी आणि तारीख लिहावी.

ढोबळ मानाने पहिल्या वाढदिवशी ७५, दुसऱ्याला ८७ आणि पाचव्याला ११० सें.मी. ही सरासरी समजावी. दुसऱ्या वाढदिवशी मुलगा ८१ सें.मी. हून किंवा मुलगी ७९ सें.मी. हून कमी असेल, अथवा पाचव्या वाढदिवशी मूल १०० सें.मी. च्या आत असेल, तर वाढ खुरटली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. चार वर्षांनंतर, वयात येण्यापूर्वी, मूल वर्षाला चार सें.मी. पेक्षाही कमी वाढत असेल तरीही दाखवावे. क्वचित थायरॉईडचा दोष, आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, अथवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असू शकते. यांवर उपाय आहेत, पण ते वेळेवर, हाडांची टोके जुळण्यापूर्वी व्हावे लागतात.

आईबापांच्या उंचीवरून मुलाच्या उंचीचा अंदाज काढण्याचे एक गणित डॉक्टर वापरतात. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ सें.मी. मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, आणि निम्मे करायचे. बाप १६८ आणि आई १५२ सें.मी. असेल तर मुलगा सुमारे १६६, मुलगी सुमारे १५३. या आकड्याच्या मागेपुढे आठ सें.मी. पर्यंत फरक पडू शकतो. पण या गणितात एक मेख आहे. आईबापांचीच वाढ लहानपणी खुरटलेली असेल, तर हे उत्तर मुलाच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी येते. अशा घरातील मुलांना पुढे जायला वाव आहे.

खाण तशी माती ही म्हण खोटी नाही. फक्त माणसाच्या बाबतीत ही खाण म्हणजे नुसते रक्त नव्हे. आईचे ताट, घरचे पाणी, दोन बाळंतपणांतील अंतर आणि लेकीची शाळा हेही त्या खाणीतच येते. आज ज्या घरात एखादी मुलगी जन्मली आहे, तिला पुढची दोन वर्षे काय खाऊ घातले जाते यावर तिची उंची तर ठरेलच, पण पंचवीस वर्षांनी तिच्या पोटी येणाऱ्या बाळाचे वजनही त्यावर ठरेल. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरात दोन वर्षांच्या आतील मूल असेल तर अंगणवाडीत जाऊन त्याची लांबी मोजून घ्या, आणि घरात गर्भवती असेल तर आज रात्री तिचे ताट सर्वांत आधी वाढा.